त्रिएस्ते, बुधवार

दहाला खोली सोडायची होती.
फ्रिजमध्ये उरलं होतं ते असं : तीन अंडी, अर्धा कांदा,
बाटलीच्या तळाशी बोटभर ऑलिव्ह तेल.
टाकवेना. घरमालकीण नेरिनाला नेऊन दिलं,
तिने एकेक अंडं कानाशी धरून हलवलं
आणि कांदा परत केला.
बॅगा राहू देत जिन्याखाली, म्हणाली.

गाडी सव्वापाचची. मधले तास
ना सुट्टीचे, ना परतीचे.
तुझ्या यादीत अजून चार जागा होत्या,
त्यावरून आपण भांडलो,
कुजबुजत, कारण जिना दुसऱ्याचा.
नेरिनाला मराठी येत नाही, तरी कळायचं ते कळलं.
समुद्रावर जा, म्हणाली, दीपगृहाजवळच्या.
तिथं भिंत आहे.

खरंच होती.
पांढरी, दोन पुरुष उंच,
खडीतून निघून थेट पाण्यात शिरलेली.
अलीकडे बायका, पलीकडे पुरुष.
खिडकीतल्या माणसाने सुटे पैसे मोजून घेतले
आणि लग्नाला एकोणीस वर्षं झालेल्या आपल्याला
दोन दारांनी आत सोडलं.
टॉवेल तुझ्याकडे गेला, पाण्याची बाटली माझ्याकडे राहिली.
वाटण्या अशाच होत असतील,
घाईत, दारात.

बायका पसरल्या होत्या उन्हात,
टाक्यांचे वळ, सैल दंड, मांड्यांवरच्या निळ्या शिरा,
कोणी काही झाकत नव्हतं.
मग मीही सोडलं
किती वर्षं आत ओढून धरलेलं पोट.

शेजारच्या चटईवर ओंदिना. ऐंशीच्या पुढची.
मांडीवर रुमाल, रुमालावर पीच,
पहिली फोड मला न विचारता माझ्या हातात.
तिच्या मुलीला इंग्रजी येत होतं, तेवढ्यावर भागलं.
लिव्हियो पलीकडे असायचा, बावन्न उन्हाळे.
आणि आता?
आता नाही, म्हणाली,
भाजी महाग झाली म्हणावं तशी.

बाराच्या सुमाराला ती उठली,
भिंतीकडे तोंड करून ओरडली :
निघायचं का?
पलीकडून कोणीतरी, कोणीही, खर्जात :
थांब जरा.
ओंदिना खाली बसली. एक शिवी हासडली, समाधानाने.
माणूस रोज वेगळा असतो,
उत्तर मेलं तेच.

मी पाण्यात गेले.
भिंत जिथे संपते तिथून पुढे नुसती दोरी,
लाल तरंगत्या गोळ्यांची.
तिला धरून डोकावले.
तू गुडघाभर पाण्यात, चष्मा डोक्यावर,
दोन म्हाताऱ्यांना हातांनी काहीतरी मोठं समजावत होतास,
मासा असेल, किंवा घर,
आणि ते हसत होते, आणि तूही,
माझ्या ओळखीचं नाही असं हसू.
एकोणीस वर्षांत तुला असं लांबून,
परक्या बाईसारखं, पाहिलं नव्हतं.
बरा दिसलास.
हाक मारली नाही.

तीन वाजले. मग मात्र भिंतीपाशी जावं लागलं.
ओंदिनाने मागून ढोसलं, मोठ्याने, मोठ्याने.
मी ओरडले, आपल्याच भाषेत :
निघायचं का?
चार आवाज आले, तिथल्या बोलीत, थांब जरा,
आणि हशा.
पाचवा उशिरा आला. मराठीत.
तोही तेच म्हणाला.

थांबले.
किती वेळ ते सांगत नाही. गाडी चुकली नाही, एवढंच.
ओंदिनाला निघताना येते म्हटलं.
तिच्या मुलीने अर्थ विचारला;
जाते असा आहे, म्हणाले,
आणि पायऱ्या चढताना वाटलं, चुकीचं सांगितलं.

गाडीत तू पिशवी उघडलीस टॉवेल ठेवायला.
आत ओला पोशाख, पाचसहा खडे
आणि तो अर्धा कांदा.
हा कशाला?
असू दे, म्हटलं.
खिडकीबाहेर समुद्र बराच वेळ
आपल्या बाजूला होता.
डब्याला कांद्याचा वास येत होता.